सभासदाची साखर

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी विजू पन्नास किलो साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन आमचे तीन जिने चढून आला आणि माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी, ते उभं करून गेला. बसला नाही. उभ्याउभ्याच पाणी प्यायला, ग्लास स्वतःच्या हातानं मोरीत ठेवला आणि "गाडी रस्त्यात लावलीय" म्हणून निघाला. दारात चपला पायात सरकवताना मान वर न करता म्हणाला, "आप्पा न्हाईत म्हनून तुला काय कमी पडाय नको, आक्के." मी आक्का, त्याची थोरली बहीण. आमच्यात तिसरं भावंड नाही. खिडकीतून मी खाली पाहिलं, तर त्याचा पिकअप इंदापूरच्या दिशेला तोंड करून उभा होता, मागे डाळिंबाचे रिकामे क्रेट. माल मार्केटला टाकून परत जाताजाता तो माझ्याकडे वळला होता. चहा घे, असं मी त्याला म्हणाले का, ते मला नंतर कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना.

दुसऱ्या एखादीच्या घरी भावानं पोतंभर साखर आणून टाकली असती तर तिनं सगळ्या सोसायटीला सांगितलं असतं. मी त्या पोत्यासमोर उभी राहिले आणि मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आमच्याकडे साखर म्हणजे सभासदाची साखर. माझे वडील आप्पासाहेब हे साखर कारखान्याचे जुने सभासद. दिवाळीच्या आधी सभासदांना कार्डावर सवलतीची साखर मिळते. ती उचलली की त्यातली पाच किलो जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची, ते गाठोडं एसटीत मांडीवर घ्यायचं आणि इंदापूरहून बारामतीला माझ्या घरी यायचं, हा आप्पांचा नेम होता. अंथरुणाला खिळले तेव्हाही कुणाच्या तरी हाती पाठवायचे. आले की फडक्याची गाठ सोडायचे, चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ, दाना कसा पडलाय यंदा." दाणा बघायचा, तोंडात टाकायचा, चांगला आहे म्हणायचं. पाच किलो साखर घरात कितीशी पुरणार? बाकी वर्षभर मी दुकानातूनच आणत होते. पण दिवाळीचं जे काही व्हायचं ते त्याच साखरेत, आणि करंजी चांगली झाली की मी शेजारणीला मुद्दाम सांगायचे, माहेरची साखर आहे. त्या पाच किलोंच्या मागे ऊस किती उभा आहे, हे काही मी कधी विचारलं नाही. मुलीला साखर आणि मुलाला ऊस अशी वाटणी आप्पांनी मनातल्या मनात केव्हाच करून टाकली होती आणि मीही ती मनातल्या मनात केव्हाच मान्य केली होती. माणसं यालाच माहेर म्हणतात.

आप्पा गेल्या वर्षी आषाढात गेले. ती दिवाळी आम्ही केलीच नाही, त्यामुळे साखरेचा प्रश्न आला नाही. या वर्षी वर्षश्राद्ध झालं आणि सातबाऱ्यावर विजूच्या नावाखाली माझंही नाव वारस म्हणून लागलं. खोटं कशाला बोलू, उताऱ्यावर आपलं नाव बघून मला बरं वाटलं. जिथं मी बाभळीचे काटे तुडवले, मोटारीच्या पाण्यात परकर भिजवले, त्या जमिनीनं इतक्या वर्षांनी मला ओळख दिली असं काहीतरी वाटलं. पण ते वाटणं फार टिकलं नाही. हायवेला लागून आमचा जो तुकडा आहे तो बघायला एक पेट्रोलपंपवाला दोनदा येऊन गेल्याचं कानावर आलं. त्याला एकाच नावाचा उतारा हवा होता. म्हणजे बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, रजिस्ट्रारसमोर अंगठा टेकवायचा, साडीचोळी घ्यायची आणि आपल्या घरी यायचं. आमच्याकडे सगळ्या बहिणी हेच करतात. जी करत नाही तिला भाऊबीजेला कुणी बोलावत नाही, आणि जी करते तिला बोलावतातच असंही नाही.

मी पतसंस्थेत काउंटरला बसते. पेढ्याचा पुडा घेऊन येणारा माणूस मला दारातूनच कळतो. ज्याचं काम सरळ आहे तो काम झाल्यावर पेढे आणतो. जो आधी आणतो त्याच्या कागदात काहीतरी कमी असतं, आणि पुडा जेवढा मोठा तेवढी खोट मोठी. इथं तर पोतंच आलं होतं. विजूनं नेहमीसारखी पाच किलो आणली असती, मी दाणा बघितला असता, चांगला आहे म्हटलं असतं, आणि मग तो म्हणाला असता की आक्के, असं असं आहे, तर मी त्याच क्षणी हो म्हटलं असतं. हो म्हणायची तयारी मी वर्षभर करत होते. तालीमच म्हणा ना. भाजी निवडताना, काउंटरला पावत्या लावताना, माझ्या डोक्यात तोच प्रसंग चालायचा. तो खाली मान घालून विचारतो. मी थोडा वेळ गप्प बसते. तेवढं तरी गप्प बसायला नको का? मग म्हणते, येड्या, त्यात विचारायचं काय. तो डोळे पुसतो आणि मी त्याला ताट वाढते. मला जमीन नको होती, पैसा नको होता. त्यानं मला फक्त विचारायला हवं होतं. मोठेपणा करायची एकच संधी माझ्या आयुष्यात येणार होती, आणि ती त्यानं माझ्याकडून पन्नास किलोला विकत घ्यायचं ठरवलं होतं.

पोतं तिथंच राहिलं. मी त्याची शिवण उसवली नाही. दोन दिवसांत मुंग्या लागल्या. फ्रिजखालून एक ओळ, खिडकीच्या चौकटीतून एक ओळ, दोन्ही येऊन पोत्याच्या बुडाशी मिळायच्या. मग आई करायची तसं केलं, स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि सोपानला धरायला लावून पोतं स्टुलावर चढवलं. आता ते माझ्या उंचीला आलं, ओट्यापाशी उभं राहिलं की माझ्या खांद्याशी कुणीतरी जाडजूड माणूस उभा आहे असं वाटायचं. सोपान, म्हणजे माझा नवरा, एमआयडीसीतल्या डेअरीत पाळीवर जातो, आणि त्याला साखरेचा आजार आहे. बिनसाखरेचा चहा हातात घेऊन तो रोज सकाळी पोत्याकडे बघायचा. "माझ्या रक्तात कमी पडती म्हणून आणली का काय तुझ्या भावानं?" असं एकदा म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. मग थोड्या वेळानं, टीव्हीकडे बघत, जसं काही टीव्हीलाच विचारतोय असं त्यानं विचारलं, "हायवेला आता गुंठ्याचा भाव काय चालू असंल?" मी त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुझं तू बघ बाबा, मी त्यात न्हाई," असं तो लगेच म्हणाला. इतकी वर्षं मी या माणसाबरोबर संसार केला, पण मी-त्यात-नाही असं म्हणत तो ज्यात नसतो अशी एकही गोष्ट मला आठवत नाही. आमची निकिता पुण्यात नोकरीला असते. तिला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, कायद्यानं अर्धा हिस्सा तुझा आहे. प्लीज भावनिक होऊ नकोस." भावनिक हा शब्द तिनं ताप किंवा जुलाब म्हणावं तसा म्हटला. मला कळेना, माझ्या रागावर या सगळ्यांनी आपापली खुर्ची टाकून बसायला कधी सुरुवात केली. मला भावावर रागवायचं होतं. मला त्याच्याशी हिशोब करायचा नव्हता.

कोजागिरीला दूध आटवायला घेतलं आणि डबा उघडला तर साखर संपलेली. पोतं खांद्याशी उभं. मी गॅस बारीक केला, पायात चपला घातल्या, जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो साखर विकत आणली आणि दुधात घातली. सोपान बघत होता. समोरच्या चंद्राबाई वाटीभर दूध न्यायला आल्या होत्या, त्यांनी पोतं पाहून विचारलं, "दुकान टाकताय का काय?" मी म्हटलं, हो, टाकतेय. ते दूध मला गेलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी ठरवलं, आता बास. याच्या पोत्याखाली मी राहायची नाही. जायचं, त्याच्या तोंडावर सही फेकायची, आणि तुझी साखर घेऊन जा म्हणायचं.

बुधवारी रजा टाकली आणि इंदापूरची एसटी पकडली. हातात फक्त पर्स. माहेरी जाताना मी कधी मोकळ्या हातानं गेलेली नाही. खारी, फरसाण, पोरांना काहीतरी, भावजयीला ब्लाउजपीस, असं काहीबाही नेत आलेय. त्या दिवशी मुद्दाम काही घेतलं नाही आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते मला वाटभर कळलं नाही. कंडक्टरनं न विचारता अर्धं तिकीट फाडलं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीत बसलं की मला नेहमी थोडी गंमत वाटते. त्या दिवशी वाटली नाही. इथं अर्धं मागावं लागत नाही, कुणी उपकार केल्यासारखं बघत नाही, कुणी पोतं आणून टाकत नाही. भवानीनगर गेलं, लासुर्णं गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. याच रस्त्यानं आप्पा गाठोडं मांडीवर घेऊन यायचे. आप्पांनी माझ्या घरी कधी अन्नाचा घास घेतला नाही. लेकीच्या घरचं खाऊ नये, ही त्यांची जुनी समजूत. निकिता झाली, मोठी झाली, तरी नाही. नुसता चहा. एकदा त्यांना पोचवायला म्हणून मी स्टँडवर गेले तर फलाटाच्या बाकावर त्यांनी फडक्यातून भाकरी काढली आणि चटणीला लावून खायला लागले, आणि मला बघून चोरी पकडल्यासारखे झाले. माझ्या घरी गरम जेवण झाकून ठेवलेलं होतं. तेव्हा मला रडू आलं होतं, केवढा हा मानी माणूस म्हणून. या खेपेला निमगावचे पानमळे मागे पडत असताना मला वेगळंच काही वाटलं. जो कुणाचं काही घेत नाही त्याला कुणाला काही द्यावंही लागत नाही. एका माणसानं आयुष्यभर माझ्या दारात भूक मारली आणि त्या बदल्यात माझं तोंड कायमचं बंद केलं. वडिलांबद्दल असं मनात यावं याचं मला वाईट वाटलं. पण आलं ते आलं, आणि इंदापूरच्या स्टँडपर्यंत ते काही उतरलं नाही.

घरी पोचले तेव्हा माझी भावजय स्वरूपा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. "अगं बया, वन्सं! कळवायचं तरी," म्हणत उठली, पाणी आणलं, विजूला हाक मारली. तो डाळिंबातून आला, औषध मारून आल्यामुळे अंगाला वास होता. पायरीवर बसून चपलेचा चिखल काडीनं काढू लागला. मी आत गेलेच नाही. ओसरीवरूनच म्हटलं, "विजू, पोतं कशाला आणलंस?"

"साखर हाय, आक्के."

"ती दिसती मला. सही पायजे तर सही माग की. तोंड दिलंय न्हवं देवानं? आप्पा पाच किलो आणायचे. वरची पंचेचाळीस कशाची, तेवढं सांग. माझी किंमत केलीस व्हय पोत्यात?"

त्यानं दुसरी चप्पल हातात घेतली. मग म्हणाला, "आप्पांचीच हाय ती." आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं. "शेवटची सालं आप्पा निस्ती तुजी पाच किलो उचलाय लावायचे. बाकीची ऱ्हाऊ दे, म्हनायचे, बरा झालो की माज्या हातानं आनीन. बरे काय झाले न्हाईत. कारखान्यावर हेलपाटे घालून मी ती समदी एकदम उचलली. आता कार्ड बंद झालं. आप्पांच्या नावची शेवटची साखर हाय, आक्के. म्हनलं, हितं ठिवून काय करायचं. समदी तुलाच."

स्वरूपानं पदर डोळ्याला लावला. "दाना म्हनून ठिवला न्हाय वन्सं घरात. पोरांच्या च्यात सुदीक इकतचीच घालतोय आमी."

मी तिथंच शेंगांच्या टरफलांत बसले. कोजागिरीचं दूध आठवलं, स्टुलाखालच्या वाट्या आठवल्या, चंद्राबाईंना दिलेलं उत्तर आठवलं. आप्पांची शेवटची साखर मी शिवणही न उसवता, तोंड वाकडं करून, एखाद्या आगंतुकासारखी कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. आणि एसटीत मी त्यांच्या भाकरीचा हिशोब मांडत आले होते. पतसंस्थेच्या काउंटरला बसून बसून मला माणसांच्या जागी कागदच दिसायला लागले की काय, असं वाटलं. विजूनं मला एका शब्दानं उलटून विचारलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला त्या ओसरीवरून उठायचं होतं आणि उठण्याआधी काहीतरी द्यायचं होतं. द्यायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती.

"चल," मी म्हटलं. "आजच करून टाकू."

"काय?"

"हक्कसोड. चल."

"न्हाय आक्के. असं रागात नगं."

"राग गेला माझा. आता लाजेनं म्हणते, असं समज."

"पुन्ना बघू की. दिवाळी होऊ दे." स्वरूपाही म्हणाली, "वन्सं, जेवा तरी आदी." जेवणारा नको नको म्हणतो आणि वाढणारा वाढतच राहतो, तसं आमचं थोडा वेळ चाललं. मी वाढत होते. शेवटी तो उठला, हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि म्हणाला, "तू म्हनतीस तर." पिकअपमध्ये मी त्याच्या शेजारी बसले. मन इतकं हलकं झालं होतं की रस्त्यात मी त्याला निकिताच्या नोकरीचं सांगितलं, त्यानं मला नव्या बागेचं सांगितलं. मी पाहत आलेल्या तालमीपेक्षा हे वेगळं झालं होतं, त्यानं डोळे पुसले नव्हते, मी पुसले होते, पण शेवट तोच होता. मला वाटलं, बरं झालं, आले ते.

रजिस्ट्रारच्या ऑफिससमोर पत्र्याच्या शेडमध्ये दस्त लिहून देणारे बसतात. विजूनं मला तिथं एका खुर्चीवर बसवलं आणि गाडी लावून आधारकार्डाच्या झेरॉक्स काढायला गेला. टेबलामागचा माणूस, भीमा त्याचं नाव, विजूच्या वयाचा, तोंडात पान. त्यानं उठून नमस्कार केला, पंखा माझ्याकडे वळवला, चहा सांगितला. "आलात व्हय आक्का. बरं झालं बाई," तो म्हणाला. "आमी काय, दस्त टाइप करून नवरात्रातच ठिवलाय. मी विजूआबाला म्हनत हुतो, आवो गाडी घिऊन जावा, बहिणीला हात जोडा. तर आबा म्हनले, जायाचं काम न्हाय. आक्का आपल्या पायानं येनार. आदी रागानं येनार, मला बोल बोल बोलनार, आन् मग तीच म्हननार, चल, सही करते." तो कौतुकानं हसला. "अक्षी तसंच झालं का न्हाय? लई वळकतात तुमाला."

मी हो म्हटलं. चहा आला तो घेतला. फार गोड होता.

लहानपणी विजू माझी पाटी पुसायचा, माझ्या वेणीची रिबन म्हशीच्या शेपटीला बांधायचा. मी त्याला मारायची. तो मार खायचा, रडायचा नाही, उलटा हात उचलायचा नाही, नुसता खाली बघत बसायचा. थोड्या वेळानं मलाच रडू फुटायचं आणि मी माझ्या वाटणीचा लाडू, माझ्या वाटणीची कैरी, जे काय असेल ते त्याच्या हातात द्यायची. तो घ्यायचा. आधी दोनदा नको म्हणायचा आणि मग घ्यायचा. हे मला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं, आणि त्या पत्र्याखाली बसल्यावर असं आठवलं की त्याच्या हाताला लागलेलं लाडवाचं तूपसुद्धा दिसलं. मग मला प्रश्न पडला, की साखर खरंच आप्पांची होती का? न उचललेली साखर कारखाना नंतर देतो का, मला माहीत नाही. विचारलं तर कळेल, पण मी विचारणार नाही. कारण मला वाटतं, ती आप्पांचीच असावी. विजू खोटं बोलत नाही. त्यानं खरीच साखर आणली, आणि ती आणताना तिचं माझ्या घरात काय होईल, माझ्या डोक्यात काय होईल, मी कधी निघेन आणि ओसरीवर कशी कोसळेन, ते सगळं त्याला दिसत होतं. म्हणून तो बसला नाही. म्हणून चहा घेतला नाही. दोन शब्द जास्त बोलला असता तर मला राग आला नसता. स्वरूपाचे अश्रू तरी खरे होते का, असं मनात आलं, आणि तेही खरेच असणार असं वाटलं, आणि ते फारच वाईट वाटलं. सगळं खोटं असतं तर मला उठून जाता आलं असतं.

विजू झेरॉक्स घेऊन आला. भीमा त्याच्याकडे बघून हसला, तसा विजूनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला कळलं की मला कळलंय. त्यानं झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. आता वेळ माझ्या हातात होती. पाय माझे होते, स्टँड चालत जाण्याच्या अंतरावर होता. मी उठले असते तर त्यानं मला अडवलं नसतं, एवढं मलाही त्याच्याबद्दल माहीत होतं. पण उठून कुठं गेले असते? सोपानकडे, जो त्यात नव्हता? निकिताकडे, जी म्हणाली असती, बघ, मी सांगत होते? अर्ध्या जमिनीची मालकीण म्हणून मी बारामतीच्या घरी परतले असते आणि उरलेलं आयुष्य तिचे भाव ऐकत बसले असते. आणि या जगात माझा राग कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो हे ठाऊक असलेला जो एकच माणूस आहे, तो मला पुन्हा दिसला नसता. आतून नाव पुकारलं, तेव्हा मी पर्स खांद्याला लावली आणि आत गेले.

साहेब तरुण होते. त्यांनी वर न बघता विचारलं, दस्त वाचला का. वाचला. कुणाच्या दबावाखाली करून देताय का. नाही. काही मोबदला घेतलाय का. नाही. कॅमेऱ्याकडे बघा. मी बघितलं. अंगठा ठेवा. यंत्रानं तो पहिल्यांदा घेतला नाही, पुसून पुन्हा ठेवा म्हणाले, तसा पुसून ठेवला. विजू शेजारी उभा होता. त्याच्या अंगाला औषधाचा वास अजून येत होता. दस्तात माझ्यानंतर त्यानंही अंगठा दिला, आणि आमचं काम झालं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "जेवून जा आक्के, उपाशी नगं जाऊ." मी नाही म्हणायला हवं होतं. मला आप्पांसारखं फलाटावर बसून आपलं आपण काहीतरी खाता यायला हवं होतं. पण मला भूक लागली होती, खूप लागली होती, आणि अशा वेळी भूक लागावी याचा मला मनस्वी संताप आला. हायवेला धरणाच्या पाण्याकडच्या बाजूला मासळीची हॉटेलं आहेत, त्यातल्या एकात आम्ही गेलो. विजूनं मला न विचारता सांगितलं काय काय ते. ज्वारीची भाकरी आली, रस्सा आला, मधे एका ताटलीत तळलेल्या माशाचे तुकडे आले. त्यानं ताटली स्वतःकडे ओढली, तुकडे बोटानं इकडे तिकडे सारले, आणि खालून शेपटीचा तुकडा शोधून काढून माझ्या ताटात ठेवला. शेपटीला काटे फार म्हणून ती कुणी घेत नाही. मला तीच आवडते, करपलेली, कडक, काट्यांसकट चावून खाता येते ती. सोपानला हे माहीत नाही. निकिताला माहीत नाही. आईला माहीत होतं, ती कधीच गेली.

"खा," विजू म्हणाला.

मी खाल्ली. चांगली झाली होती. मग आलेल्या दुसऱ्या ताटलीतली शेपटीही त्यानं मलाच दिली, आणि मी ती पण खाल्ली.